तळातली तापी : प्रस्तावना

चांगदेवला तापी आणि पूर्णा भेटतात, असं आम्ही शाळेच्या भूगोलात घोकलं होतं. आज तिथल्या घाटावर उभं राहिलं तर दोन नद्या वेगळ्या काढता येत नाहीत. हतनूर धरणाचं पाणी दोन्ही पात्रांवर पसरलंय आणि संगम त्याच्या पोटात गेलाय. पण चैतात, पहाटे साडेपाचच्या सुमारास, एखाद्या जुन्या भोयाच्या होडीत बसलात तर तो अजूनही संगम दाखवतो. होडी सावकाश वल्हवत असतो. मागे तीस-चाळीस हात दोरा सोडलेला, टोकाला शिसं आणि गळ, आणि दोरा पायाच्या अंगठ्यावरून नुसता टेकवून नेलेला. शिसं गाळात घासत असतं तोवर दोरा जड लागतो. मग एकाएकी तो हलका होतो. "लागली नदी," तो म्हणतो. जुन्या पात्राचा काठ आला, तळ खाली गेला, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर तो होडी सरळ नेत नाही. वर सपाट पाणी, कुठं काही खूण नाही, आणि हा माणूस पन्नास वर्षांपूर्वीच्या वळणांनी वळत जातो, कारण शिवडा हा शिकारी मासा त्या काठाला धरून असतो.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मासा लागला नव्हता. तरी त्या दिवशी घरी आल्यावर वहीत दोन पानं लिहिली, आणि या पुस्तकाची सुरुवात झाली ती तिथून.

चालत्या होडीमागून आमिष ओढत नेण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. मोबाइलवर लोकांना डिवचण्याला जे ट्रोलिंग म्हणतात त्याचं मूळही इथलंच मानतात, हे मी चांगदेवच्या होडीवाल्याला सांगितलं तेव्हा त्याला वल्हं थांबवून हसावं लागलं. "म्हणजे आमिष ओढायचं, आन् कोण चावतो ते पाह्यचं!" याहून चांगली व्याख्या मला पुढं कुठं सापडली नाही. त्याच्याकडं या पद्धतीला वेगळं नाव नव्हतं. गळ ओढणं, एवढंच. पुस्तकभर पुन्हापुन्हा लिहायला एक शब्द हवा म्हणून मी 'ओढगळ' असा शब्द जुळवला आहे. तो माझा आहे, खानदेशाचा नाही. कुणाला याहून बरा सुचला तर त्यानं तो खुशाल वापरावा.

नवख्या वाचकासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या धरणांत आज जो मासा मिळतो त्यातला बराचसा कुणीतरी आणून सोडलेला असतो. कटला, रोहू, मृगळ हे तिघं मूळचे गंगेकडचे. सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे बाहेरदेशांतून आले, १९५७ ते १९५९ या दोन-तीन वर्षांत. तिलापिया त्याआधी, १९५२ मध्ये. नदीतून बीज गोळा करून ते हंड्यांतून आणि रेल्वेतून लांबवर न्यावं लागे, त्या खटाटोपाला वळण मिळालं ते १० जुलै १९५७ रोजी. त्या दिवशी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. तेव्हापासून बीज हौदात तयार होऊ लागलं. मत्स्य खात्याच्या कागदांत या बीजाच्या टप्प्यांना जी नावं आहेत ती मला फार आवडतात: आधी मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटुकली. सरकारी मराठीत इतके गोड शब्द क्वचितच सापडतात. दरवर्षी या बोटुकल्या धरणात सुटतात, सहकारी संस्थेचे सभासद पुढं जाळ्यानं ते मासे काढतात, आणि भुसावळ-धुळ्याच्या बाजारात ते किलोवर विकले जातात.

आता यातला कुठला मासा ओढलेल्या गळाला लागतो? जवळजवळ एकही नाही. कटला वरच्या थरातलं तरंगतं सूक्ष्म अन्न गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचं कुजकं वेचतो. कणकेच्या गोळीला ते तोंड लावतील, पण पळत्या आमिषामागं धावणं त्यांच्या स्वभावात नाही. मागं धावतात ते शिकारी मासे: शिवडा, शिंगाडा, मरळ, आणि ज्याच्या गोष्टी फक्त ऐकायला मिळतात तो महाशीर. यांच्या बोटुकल्या आपल्या धरणांत सहसा कुणी सोडत नाही. उलट ते सोडलेलं बीज खातात म्हणून त्यांच्यावर राग. म्हणजे शिवडा गळाला लागला तर तो धरणाच्या आधीपासून या पाण्यात पिढ्यानपिढ्या टिकून राहिलेल्यांच्या वंशातला. जाळं धरणाचा हिशेब देतं. ओढगळ त्या धरणाखाली जुनी तापी किती उरली आहे ते सांगतो. या पुस्तकातल्या सगळ्या लेखांमागं एवढी एकच कल्पना आहे. ती खोटी ठरवायला कुणी निघाला तर त्यालाही मी माझ्या होडीत जागा देईन.

या विषयावर आजवर काय लिहिलं गेलं? वाटतं त्यापेक्षा जुनं, आणि हवं त्यापेक्षा फार कमी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, साधारण ११३० च्या सुमारास, राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. गळानं मासे धरणं हा तिथं राजाला शोभणारा खेळ. पस्तीसेक जातींचे मासे, त्यांचं राहणं, कुणाला कोणतं खाणं टाकायचं, दोरा कसा असावा, हे सगळं त्यात येतं. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लिहिलं तेव्हा अभ्यासकांचं तिकडं लक्ष गेलं. आपल्या साहित्यात गळाची आठवण निघते ती बहुधा दृष्टांतापुरती: आमिषाला भुलला आणि अडकला. माशाच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ झाले. गळ टाकणाऱ्याच्या बाजूनं बोलणारा राजा एकच, आणि तोही संस्कृतात.

मग एकदम सातशे वर्षांची उडी. ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी विल्यम सायक्स दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलेला होता. त्यानं पुण्याभोवतीच्या नद्यांतले मासे पाहिले आणि त्यांची वर्णनं १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत प्रसिद्ध झाली. सायक्सबद्दल मला एक कृतज्ञता आहे. नव्या माशाला लॅटिन नाव देताना त्यानं पुष्कळदा मासेमाऱ्यांच्या तोंडचं मराठी नावच उचललं. सह्याद्रीतला महाशीर आजही जगभर 'टोर खुद्री' आहे, त्यात आपली खडशी बसली आहे. 'स्पेराटा सीनघाला' म्हणजे आपला शिंगाळा किंवा शिंगाडा. 'लेबिओ बोग्गट', 'टाकरी', 'गोगरा' हे शब्द टोकियोच्या संग्रहालयातल्या बाटलीवरही तसेच लिहावे लागतात. एखाद्या भोयानं मुळा-मुठेच्या काठावर साहेबाला सहज सांगितलेलं नाव शास्त्रात कायमचं गेलं, आणि त्या भोयाचं नाव मात्र कुठंच नाही.

पण सायक्सनं हे मासे भीमेच्या खोऱ्यात पाहिले. खानदेशाच्या वाट्याला एवढंही आलं नाही. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेलं खानदेशाचं गॅझेटियर १८८० मध्ये निघालं. त्यात कापूस, भिल्ल आणि वाघ यांना जेवढी जागा आहे तिच्या मानानं मासे अगदी कडेला. फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा मोठा ग्रंथ १८७० च्या दशकातला. त्याच दशकातलं, १८७३ चं, एच. एस. थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' हे साहेबी गळवाल्यांचं आवडतं पुस्तक, आणि त्याचा सगळा ओढा दक्षिणेच्या महाशीरकडं. तापीच्या खऱ्या मत्स्यपाहणीसाठी १९७६ उजाडावं लागलं. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेनं तापीतले मासे आणि तिथली मासेमारी यांचा अहवाल छापला, तो उकाई धरण होऊन चार वर्षं झाल्यावर आणि हतनूर पुरं व्हायच्या सहा वर्षं आधी. म्हणजे नदी जाता जाता तिचा एक फोटो निघाला, असं म्हणायला हरकत नाही. हा अहवाल इंग्रजीत आहे, आणि ज्यांच्या जाळ्यांतले मासे मोजून तो झाला त्यांच्यापैकी कुणी तो वाचल्याचं मला भेटलेलं नाही.

नदीचं काय झालं हे थोडक्यात सांगतो. बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईपासून सुरतेजवळच्या समुद्रापर्यंत तापी ७२४ किलोमीटर वाहते. खाली काक्रापारचा बंधारा १९५० च्या दशकात आला, उकाई १९७२ मध्ये. गिरणा धरण १९६९ चं. ते नाशिक जिल्ह्यात नांदगावकडं असलं तरी त्याचा जीव जळगाव जिल्ह्यात आहे. हतनूर १९८२, एक्केचाळीस दारं. नंतर सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशा हे तापीवरचे बॅरेज, पांझरेवर अक्कलपाडा, आणि अनेर, बोरी, वाघूर, सुकी, मन्याड अशी उपनद्यांवरची धरणं. आमच्या भागात वाहत्या नदीपेक्षा साठलेलं पाणी जास्त, हे आता सरळ सांगता येतं. यात तक्रारीचा सूर नको. मी ज्या घरात वाढलो तिथलं केळीचं पीक याच पाण्यावर होतं. पण पावसाळ्यात वर चढून वाळू-खड्यात अंडी घालणाऱ्या माशाला भिंत म्हणजे भिंतच. तापी-नर्मदेतला महाशीर हा असा चढणारा मासा. मध्य प्रदेशानं २०११ मध्ये त्याला राज्यमासा केलं. आपल्या राज्यानं २०२३ मध्ये हा मान पापलेटला दिला. कोकणाला ते शोभून दिसतं, पण खानदेशातल्या मुलानं आपला राज्यमासा बर्फात झोपलेला सोडून दुसऱ्या रूपात पाहिलेला नाही, याची थोडी मौज वाटते.

या गोष्टीला एक परदेशी जोड आहे आणि ती मला बाजूला टाकता आली नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या थंड तळ्यांत कटथ्रोट नावाचा ट्राउट असतो. जबड्याखाली तांबडी रेघ, जणू गळ्यावरून सुरी फिरवली आहे, म्हणून ते नाव. वसंतात बर्फ वितळलं की तो वर येतो, आणि तेव्हा लोक होडीमागून चमचे ओढत त्याच्या पाठीस लागतात. त्यांतलं नेवाडा राज्यातलं पिरॅमिड लेक हे वाळवंटातलं तळं. त्यात मिळणारी नदी ट्रकी. शेतीला पाणी हवं म्हणून १९०५ मध्ये या नदीवर डर्बी बंधारा झाला. अंडी घालायला वर जाणाऱ्या कटथ्रोटची वाट तुटली, तळ्याचं पाणीही उतरत गेलं. १९२५ मध्ये तिथं पाय्यूट जमातीच्या जॉन स्किमरहॉर्न यांना ४१ पौंडांचा, म्हणजे साडेअठरा किलोंच्या वरचा कटथ्रोट मिळाला, आणि पुढच्या पंधराएक वर्षांत ती जात त्या तळ्यातून संपली. पुढं १९७० च्या दशकात दूरच्या एका डोंगरी ओढ्यात काही मासे सापडले. तपासात ते त्याच वाणाचे निघाले. कुणीतरी कधीतरी तिथं सोडलेले असावेत. त्यांची पैदास करून २००६ पासून ते तळ्यात परत सोडले गेले, आणि आता तिथं वीस पौंडांचे मासे पुन्हा लागतात. बंधारा आजही आहे. शेतीही आहे. मला त्या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की आपल्या तळ्यातला मूळचा मासा कोणता हे तिथले लोक साठ वर्षं विसरले नव्हते.

ट्राउट आपल्याकडं काश्मिरात आणला गेला १९०० च्या आगेमागे, नंतर निलगिरीत आणि मुन्नारला. त्याला पाणी वीस अंशांच्या आत लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा तो विचार इथंच सोडू. पण वसंतातच ओढगळ का, या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडं थोडंफार सारखं निघतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

थंड तळ्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी आणि खालचं पाणी एका तापमानाला येतं, तळं वरपासून खालपर्यंत ढवळलं जातं, मासा वर येतो. आपल्याकडं बर्फ नाही, पण पौष-माघाच्या रात्री वरचं पाणी गार करतात, ते जड होऊन खाली बसतं, आणि पाणी असंच उलटंपालटं होतं. होळी पेटली की दिवस तापू लागतात. वरचा थर ऊबदार होतो, खोल डोहातल्या तळाशी प्राणवायू कमी पडू लागतो, मासे मधल्या पाण्यात आणि काठांना येतात. त्यातच उन्हाळी आवर्तनं सुटतात. गिरणेचं पाटचारीला पाणी सुटलं की धरणाचं पाणी दिवसाला कुठं चार बोटं, कुठं वीतभर उतरतं. काठची गवतं आणि बुडालेली बाभूळबनं उघडी पडतात. त्यांत लपणारी बारीक मासळी उघड्यावर येते. शिकाऱ्यांना हेच हवं असतं. उतरलेल्या पाण्यामागं गाळपेरा होतो, टरबूज-डांगराचे वेल पसरतात, आणि त्या वेलांच्या पलीकडं, जिथं तळ पहिल्यांदा खोल जातो, तिथं सूर्य उगवायच्या आधी तासभर आणि नंतर तासभर शिवडा हिंडतो. हा मोसम आखाजीपर्यंत. नंतर पाणी दहा वाजता अंगाला चटका देतं, दुपारी वावटळी उठतात, आणि शहाणा माणूस होडी काठाला ओढून ठेवतो. वैशाखातल्या अवकाळी वादळात थर्माकोलच्या तराफ्यावर अडकलेल्यांचं काय होतं हे दर एक-दोन वर्षांनी वर्तमानपत्रात येतं. लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात जाऊ नये, हे या पुस्तकातलं एकमेव वाक्य आहे जे मी हुकूम म्हणून लिहितो.

वेग हीच या विद्येची गुरुकिल्ली. रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग, ताशी दोन-तीन किलोमीटर. इंजिनाच्या होडीला इतकं सावकाश जाणं अवघड जातं. म्हणून वल्ह्याची होडी इथं मागं पडलेली नाही. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला आमिष थोडं पुढं झेपावतं आणि थोडं बुडतं, आणि मासा घेतो तो बहुधा बुडताना. आमिष म्हणून जिवंत मासोळी, किंवा चमचा. चमच्याची कथा अमेरिकेतली: व्हर्माँटच्या ज्युलिओ ब्युएलच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला, मासा त्यावर झेपावला, आणि त्यानं १८५२ मध्ये चमच्याच्या आमिषाचं पेटंट घेतलं. पेटंट खरं, चमचा पडल्याची गोष्ट सांगोवांगीची. मी मात्र आईच्या डब्यातला खरोखरचा स्टीलचा चमचा देठाशी कापून पहिलं आमिष केलं होतं. तो पाण्यात भोवऱ्यासारखा गरगरला, दोऱ्याला पीळ पडून त्याची जटा झाली, आणि घरी चमचा मोजणीत कमी भरला. भोयांच्या पत्र्याच्या पट्टीला दोन टोकांना दोन भोकं आणि मध्ये अगदी थोडा बाक असतो. तो बाक किती, हे मला शिकायला दोन चैत लागले.

खानदेशात मासा धरणाऱ्यांच्या परंपरा अनेक आहेत आणि त्यांचं एकमेकांशी फारसं सख्य नाही. सगळ्यात जुनी भोई आणि कोळ्यांची. भोई पूर्वी पालख्या वाहायचे आणि पाण्यावरही असायचे. जाळं हे त्यांचं पोट. गळ हा रात्रीचा आणि म्हाताऱ्यांचा. संध्याकाळी लांब दोराला शंभरेक गळ लावून पात्रात सोडायचे आणि पहाटे उचलायचे, या कामातूनच ओढगळ निघाला असावा, असा माझा अंदाज आहे. उचलायला जाताना रिकामा हात दोरा मागं सोडतो, इतकं साधं. सातपुड्यातल्या भिल-पावऱ्यांची रीत निराळी: उथळ झऱ्यात बाणानं मासा टिपणं, बांबूची टोपली प्रवाहात लावणं, उन्हाळी डोहात झाडाच्या सालीनं मासे गुंगवणं. तिसरी रेल्वेची. भुसावळच्या कॉलनीतले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड सुट्टीच्या दिवशी काठीला रीळ लावून तापीवर बसायचे, असं माझे आजोबा सांगत. आमच्या घरात जुनं पितळी रीळ होतं ते अशाच कुणाकडून आलेलं. चौथी कणीकवाल्यांची. हिचं माहेर मुंबई, पवईचं तळं, जिथं मचाणावर बसून कटला-रोहूची वाट पाहणारे शौकीन गळवाले दशकानुदशकं आहेत. जळगावच्या मेहरूणवर आणि धुळ्याच्या नकाणे तलावावर हीच मंडळी दिसतात. त्यांच्या कणकेत काय काय असतं! पाव, भाजलेलं बेसन, बडीशेप, वेलची, कुणाची हिंगाची चिमूट. सासू सुनेला काळ्या मसाल्याचं प्रमाण सांगेल, पण हे कणकेचं सांगणार नाहीत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मात्र तो बसून करायचा खेळ आहे, आणि या पुस्तकाचा विषय नाही.

पाचवी परंपरा नव्या पिढीची. कॉलेजातली मुलं, हलकी काठी, विणलेला दोरा, रबरी बेडूक, मोबाइलवर पाहून शिकलेलं सगळं. बरेच जण मासा धरून फोटो काढतात आणि सोडून देतात. जुन्या भोयांना हा वेडेपणा वाटतो. "खायाचा नाही तं त्याले त्रास कशाले?" हा प्रश्न मला कुणी विचारला की मी अजूनही नीट उत्तर देऊ शकत नाही. पण याच मुलांकडून मी एक गोष्ट शिकलो. चैत-वैशाखानंतर मरळीची जोडी पिलांच्या थव्याची राखण करते. पाण्यावर लालसर पिलांचं एक ढगासारखं वर्तुळ हलत असतं आणि खाली आई-बाप. तिथं बेडूक ओढला तर मरळ हमखास चावते, भुकेनं नव्हे, रागानं. तेवढ्या एका चाव्यासाठी पिलांचा सगळा थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. त्या वर्तुळावरून गळ न्यायचा नाही, असा नियम आमच्यातल्या काही जणांनी आता पाळायला घेतला आहे. जुन्या भोयांत तो होताच, फक्त त्याला नियम म्हणत नसत.

हे सगळं आत्ताच लिहून काढायचं, कारण पाणी पुन्हा बदलतं आहे. धरणांत पिंजऱ्यांतली मत्स्यशेती येते आहे. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेपासून तिला जोर चढला. पिंजऱ्यातला पंगस बाहेर निसटला की काय करतो ते कुणी पाहिलेलं नाही, पण तिलापियानं काय केलं ते आपण पाहिलंय. आफ्रिकन मागुरावर बंदी आहे आणि तो तरी सापडतो. वाळूचे उपसे चालू आहेत. हतनूर गाळानं भरत चाललंय, म्हणजे अंगठ्याला कळणारा तो जुना काठ दर पावसाळ्यात थोडा बुजतो. शिवडा हा भला मोठा वाढणारा मासा आता जागतिक यादीत असुरक्षित वर्गात आहे. आणि ज्यांना पात्र पाठ आहे ते सत्तरीकडं चाललेत, त्यांची मुलं चाळीसगावच्या किंवा नाशिकच्या कारखान्यांत आहेत. धरण होण्याआधी पोहून ओलांडलेली नदी ज्यांना आठवते, अशी ही शेवटची पिढी.

आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय हे पुस्तक प्रामाणिक होणार नाही. धरणाचं पाणी मच्छीमार संस्थेच्या ठेक्यावर असतं. हौशी माणसानं न विचारता गळ टाकणं म्हणजे त्यांच्या पिकात शिरणं. मी सुरुवातीची दोन वर्षं हे केलं, आणि एका धरणावर सभासदांनी मला काठ दाखवला तेव्हा मनातून रागावलोही. आता राग उरलेला नाही. संस्थेच्या माणसाशी बोलून, पावती करून, त्यांच्याच होडीवाल्याला दिवसाची मजुरी देऊन गेलं तर तो दिवस निम्मा शिकवणीचा होतो. शिकारी मासा काढला तर त्यांचं बीज वाचतं, असंही मी कधी कधी युक्तिवादात टाकतो. त्यात तथ्य किती यावर पुस्तकात एक वादळी प्रकरण आहे आणि माझ्या बाजूनं ते संपत नाही.

हे पुस्तक हौशी गळवाल्यासाठी असलं तरी मासे धरायचं गाइड नाही. त्यात गाठी आहेत, पत्र्याचा बाक आहे, महिन्यागणिक पाण्याच्या नोंदी आहेत. पण बरीच पानं ऐकीव बोलण्याची आहेत: बोरीच्या काठी, अनेरच्या भिंतीवर, गिरणेच्या पाटावर, पांझरा तापीला मिळते त्या मुडावदच्या कपिलेश्वराखाली बसून ऐकलेलं. तिथलं बोलणं मी शक्य तितकं तसंच ठेवलंय. अमळनेर-धुळ्याकडची अहिराणी आणि रावेर-मुक्ताईनगरकडची तावडी यांत मी फरक राखला आहे, कारण "लागना का?" आणि "लागला का?" विचारणारी माणसं एकाच माशाबद्दल बोलत असली तरी त्यांची पाणी वेगळी आहेत. माशांची नावं गावानुसार बदलतात. बऱ्हाणपूरकडं शिवड्याचा पढिन होतो. शेवटच्या सूचीत मी ऐकलेलं प्रत्येक नाव गावासह दिलंय, आणि एक नाव बरोबर, बाकीची चूक, असा निवाडा कुठं केलेला नाही. महाशीरच्या नोंदीपुढं मात्र माझ्या नावावर शून्य आहे. आजोबांच्या पिढीनं पाहिलेला म्हणून तो सूचीत आहे.

चांगदेवच्या होडीवाल्यानं हे लिखाण छापायला आनंदानं परवानगी दिली. हस्तलिखितातली त्याची प्रकरणं मी होडीतच वाचून दाखवली. दोन ठिकाणी त्यानं माशाचं वजन कमी करायला लावलं, आणि एका ठिकाणी वाढवायला. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं एकच अट घातली. जुन्या पात्राचा काठ कुठून कुठं जातो, हे मी तीन चैत दोऱ्यानं मोजून कागदावर उतरवलं होतं. ते छापायचं नाही. ज्याला पाहायचं त्यानं होडीत यावं, असं तो म्हणाला. म्हणून या पुस्तकात नकाशा नाही.